काट्यावर जानराव

माघ वद्य ३, शके १७८५. अकोला.

आणि आजही चालला. पळाला नाई. कालही हेच लिहिलं, परवाही हेच, आज पुन्हा लिहितो — जानराव चालते म्हणून आमी हरतो.

आट्यापाट्यांत नऊ पाट्या, नऊ माणसं. जो तो आपल्या आडव्या पाटीवर इकडून तिकडं. पहिल्या पाटीवरच्या एकट्याले मधली लांब पाटी मोकळी — सूर. तो उभा पळू शकते, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी भिस्त त्याच्यावर. आणि आमचा सूरवाला कोण? वखारीच्या हमालांचा म्होरक्या, भातकुलीचा जानराव. वय पंचेचाळीस, गुडघा साठ. खेळाच्या आधी म्हशीसारखी सगळ्या पाट्यांवरून एक फेरी मारते. पायानं माती चाचपते. कुठं भेग दिसली की मूठभर सरकी आणि माती भरून टाचेनं दाबते. मंग तंबाखू चोळते. मंग खेळातही तीच चाल.

पलीकडच्या वखारीचे पोट्टे आज तीन लोण लावून गेले. तीन जण नऊच्या नऊ पाट्या ओलांडून गेले, तसेच परत आले, कोणाचा हात लागला नाई. म्या विचारलं, "जानरावभाऊ, काहून पळाले नाई?"

तं म्हणे, "आज गठाणी किती उचलल्या बे तू?"

याले उत्तर म्हणतेत काय?

माघ वद्य ५

आज पळाला. आमी जिंकलो. काहून पळाला ते विचारलं तं म्हणे, "पळावंसं वाटलं."

माघ वद्य ८

पंतोजीकडं दोन हिवाळे गेलो. तिसऱ्या हिवाळ्यात बाप गेला आणि शेंदूरजनाघाटच्या वांग्यांच्या वाफ्यात माणूस कमी पडला. पण आकडे येतेत. म्हणून मुनीमजीनं मले काट्यापाशी ठेवलं — बंडी आली, कापूस तोलला, आकडा लिहिला. बंड्या सरल्या की गठाणी उचलायले बाकीच्यांसंगं आहोच. फाटक्या तोलचिठ्ठ्यांच्या पाठीवर हे लिहून राहिलो.

तं आज खेळाचाही आकडा मांडला. या महिन्यात जानराव पाच दिवस पळाला — पाचही जिंकलो. सहा दिवस चालला — सहाही हरलो. मधलं काहीच नाई! बाकीचे आठ जण म्हणजे बैलामागची बंडी. रामराव घ्या, बार्शीटाकळीचा, माझ्या बाजूच्या पाटीवर असते. एरवी बिबट्या. पण जानराव चालला की हा भर खेळात जांभई देते. म्या म्हटलं, "रामराव, तुझे पाय तुझे हायेत ना?" तं म्हणे, "हायेत, पण त्यायचा मालक जानराव हाये."

मी सूरवर असतो तं रोज पळालो असतो. रोज! मंग हे आठही रोज पळाले असते.

माघ वद्य १२

मुनीमजीले तो कागद दाखवला. चहाडी नाई केली. आकडे दाखवले.

कारण असं हाये. शेठजीनं अमरावतीच्या आपल्या व्याह्यासंगं पैज लावली — चैत्री पौर्णिमेले दोघांच्या वखारींचे हमाल अमरावतीत खेळतीन. पैज कशाची? नाकाची. पैसा दोघांकडं इतका हाये की पैशाची पैज लावायची त्यायले लाज वाटते. सात समुद्रांपलीकडं गोरे गोऱ्यांसंगं लढून राहिले, तिकडचा कापूस बंद, म्हणून इथं बैलांच्या शिंगांले चांदी. परवा एक पाटील बंडीच्या चाकाले चांदीची पट्टी मारून आला. चाक चिखलात रुतलं तं पाटील स्वतः उतरून धोतरानं चाक पुसत होता, आणि बैल पाहत होते.

पण आमच्यासाठी पैज नाकाची नाई. वखारीचा जमादार नोकरी सोडून आपल्या कापसाच्या वावरावर गेला. त्याची जागा मोकळी. शेठजी म्हणे, आपली वखार जिंकली तं सूरवाल्याले जमादारी. अठरा रुपये महिना, राहायले पक्की खोली, आणि गठाणीले हात लावायचा नाई.

आणि सत्यभामेच्या बापानं, केशवरावानं, मायजवळ विचारलं हाये — "तुमचा शालिकराम तिकडं नेमका कोण हाये?" हमाल म्हटलं तं पोरगी देणार नाई. जमादार म्हटलं तं वैशाखात लग्न, चांदीचे तोडे आणायचे फक्त.

जानरावाले जमादारी कशाले पाह्यजे? त्याचं लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली.

माघ अमावास्या

पगार झाला. दर महिन्यासारखी जानरावाची चिठ्ठी म्या लिहिली. त्याले अक्षर येत नाई. बारातले नऊ रुपये भातकुलीले, बायकोले. मजकूर दर महिन्याले तोच: "गोदाबाईले नमस्कार. तब्येत बरी. पळतो." म्या म्हटलं, "पळतो काहून लिहायचं?" म्हणे, "माझ्या गुडघ्याचा तिले घोर हाये. पळतो म्हटलं की झोपते बिचारी."

पळतो म्हणे. तरी लिहिलं.

मी मायले पाच धाडले.

फाल्गुन शुद्ध २

मुनीमजीले माझा कागद पटला. इतका पटला की त्याले पुढचं सुचलं. म्हणे, "शालिकराम, पळाला की चालला हे कोण ठरवन? तुझे डोळे? डोळ्यांचा भाव होत नाई. वजनाचा होते. मेहनत केली तं घाम जाते. घाम गेला तं वजन जाते. खेळाआधी तोल, खेळानंतर तोल. जितका घटला तितकी मेहनत."

तं आज, ज्या काट्यानं बंडीभर कापूस तोलतो, त्याच्या एका पारड्यात जानराव मांडी घालून बसला. दुसऱ्यात वजनं. एक मण चोवीस शेर. खेळ झाला — पळाला — पुन्हा बसवला. अर्धा शेर कमी. आमी जिंकलो. मुनीमजीनं मले लिहायले लावलं: मेहनत, अर्धा शेर.

जानराव पारड्यात बसल्या बसल्या म्हणे, "मुनीमजी, माझा भाव काय लागला आज?"

फाल्गुन शुद्ध ६

बाजारात बातमी फुटली. आडते, दलाल, सगळे खेळ पाहायले येऊन राहिले. खेळ कोणी पाहत नाई! काट्यापाशी गर्दी. "पाव शेर जाईन." "अबे अर्धा जाईन, बुढा पाणीदार हाये."

जानराव आज चालला. तरी तीन पाव घटला! मले शंका आली. धोतर पाहिलं तं आधीच्या तोलाले चिंब भिजवून आला होता, खेळताना वाळलं. कापूस भिजवून आणणारे शेतकरी म्या शंभर पकडले असतीन. भिजून आलेला हमाल पहिल्यांदा पकडला. मुनीमजीले सांगतलं. मुनीमजी रागावला नाई, उलट डोळ्यात पाणी आलं त्याच्या — म्हणे, "आता हमालही धंदा शिकला."

उद्यापासून लंगोटावर तोल.

फाल्गुन शुद्ध १०

मुनीमजी म्हणे, घाम वाढला तं जिंकणं वाढन, मंग खेळाची वाट काहून पाहायची. आज दुपारी जानरावाले घोंगडं पांघरून उन्हात बसवलं. पुरा शेर गेला. मंग मैदानावर आणला.

चार लोणांनी हरलो. जानरावाले उभं राहवत नव्हतं, त्याले पाहून आठही जणांले उभं राहवेना. मुनीमजी विचारात पडला. म्हणे, "घाम तं चांगला निघाला."

फाल्गुन पौर्णिमा

होळी. भांग कोणी किती प्याला ते लिहीत नाई. रामराव दलालांची नक्कल करत होता, पारडं म्हणून सूप घेऊन, आणि त्यात होळीतल्या गोवऱ्या तोलत. सगळे लोळून हसले.

जानराव बाजूले बसला होता, गुडघ्याले तेल लावत. मी जवळ गेलो. म्हटलं, "भाऊ, एक खरं सांगा. पळता येते तुमाले. मंग रोज काहून नाई?"

म्हणे, "तुले काय वाटते, मी पळालो म्हणजे मी पळालो? मी पळालो की हे आठ पळतेत. जीव तोडून पळतेत. दुसऱ्या दिवशी एकाचा तरी पाय मुरगळलेला असते. ज्या दिवशी चाळीस गठाणी उचलल्या त्या दिवशी म्या पळायचं, आणि सकाळी रामरावाची रोजी कोण देईन? तू?"

त्यानं तेलाचा हात धोतराले पुसला.

"पोट्ट्या, या आठ जणांचं पळणं माझ्या पायात हाये. जपून खर्चा लागते."

मले ते खोटं वाटलं. गुडघा दुखते म्हणायची लाज, म्हणून केलेली गोष्ट. आताही तसंच वाटते. बहुतेक.

फाल्गुन वद्य ४

मुनीमजीनं आज सगळ्यांले तोललं. ज्याचा घाम जास्त तो सूरवर. रामराव अर्धा शेर. जानराव पाव शेर — चालला होता. मी सव्वा शेर!

मी सूरवाला. अमरावतीले मीच.

काट्यावर चढायच्या आधी मी दोन लोटे पाणी प्यालो होतो. मधल्या वेळात वखारीच्या मागं जाऊन आलो. जानरावाच्या धोतराची चहाडी करणारा मीच. कोणाले सांगतलं नाई. इथं लिहिलं.

जानरावानं आपली पहिली पाटी सोडली आणि शेवटच्या पाटीवर जाऊन उभा राहिला. जाताना म्हणे, "मैदान फिरून पाहत जा आधी."

म्हशीसारखं? मी?

फाल्गुन वद्य ११

आजचं लिहावं की नाई.

मी पळालो. देवाशपथ असा कधी पळालो नव्हतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, घशाले कोरड, डोळ्यांपुढं काळं. पाच लोण लागले.

आठही जण आपापल्या पाटीवर उभे राहून मले पाहत होते. खरंच पाहत होते, दंडारीत नाच्याले पाहतेत तसे. संध्याकाळी म्या रामरावाले धरलं. "मी इतका पळून राहिलो, तुमी काहून पळाले नाई?"

म्हणे, "तू पळतो तेव्हा तुले पाहावं वाटते. तो पळते तेव्हा आमाले लाज वाटते."

माझा घाम दीड शेर भरला. मुनीमजी खूश.

चैत्र शुद्ध ११. वाटेवर.

दोन बंड्या. एकीत आमी नऊ जण. दुसरीत काटा, सांभाळून, खाली गवत अंथरून. मुनीमजी काट्यासंगं बसला. मूर्तिजापुरापाशी लोकांले वाटलं देव घेऊन चाललो. एका बाईनं काट्यावर फूल टाकलं.

चैत्र पौर्णिमा. अमरावती.

जिंकलो.

सांगतो. मैदान नवं, काळी माती, उन्हानं तडकलेली. वरून पाणी मारून सारवलं होतं, म्हणून दिसायले गुळगुळीत. जानरावानं लांबूनच माझ्याकडं पाहिलं. मले कळलं त्याले काय म्हणायचं ते. दोन्हीकडचे शेठ गादीवर बसले होते, दोन हजार माणूस जमलं होतं. एवढ्या लोकांपुढं म्हशीसारखं माती चाचपत फिरायचं? मी फिरलो नाई. हात वर करून सूरवर उभा राहिलो.

पहिल्या डावात मी पळालो आणि बाकीचे पाहत राहिले. दोन लोण लागले. आमचा डाव आला, आमी कसेबसे तीन काढले. आता शेवटचा डाव. त्यायले एकही लोण मिळू द्यायचा नाई.

तेव्हा जानराव पळाला. शेवटच्या पाटीवर. ती पाटी केवढी — दहा पावलं. त्या दहा पावलांत तो असा पळाला की मी सूर विसरून मागं पाहिलं. नुसते पाय. आणि रामराव सुटला. मंग त्याच्या बाजूचा. मंग सगळे. मी आठवा होतो की नववा, मले माहीत नाई. आपण पळून राहिलो हे मले मागाहून समजलं.

त्यायचा शेवटचा गडी सगळ्यांले चुकवून शेवटच्या पाटीवर आला. जानराव झेपावला. उजवा पाय सारवणाखालच्या भेगेत गेला, घोट्याच्या वर. आवाज मले ऐकू आला — वाळली तुरखाटी मोडावी तसा. पण हात त्या गड्याच्या खांद्यावर होता. पडल्यावरही सोडला नाई. पंच म्हणे, "धरला."

सरकीच्या एका मुठीचं काम होतं ते.

चैत्र वद्य १

काल रात्री लिहिताना थांबलो. राहिलेलं लिहितो.

हाडवैद्य आला. बांबूच्या कांबट्या लावल्या, ओला लेप थापला, वरून फडकं गुंडाळलं. मंग मुनीमजी म्हणे, तोल राहिला. रामराव म्हणे, "मुनीमजी, पाय मोडला त्याचा." मुनीमजी म्हणे, "नियम म्हणजे नियम, अमरावतीवाले पाहून राहिले." चार जणांनी उचलून जानरावाले पारड्यात ठेवलं. कांबट्या, लेप, फडकं, सगळं धरून.

खेळायले जाताना एक मण चोवीस शेर. आता एक मण पंचवीस.

मुनीमजीनं दोनदा पाहिलं. म्हणे, "हा खेळून जड झाला. म्हणजे यानं मेहनत केली नाईच, दुसऱ्यायची खाल्ली. लिही — उणे एक शेर."

म्या लिहिलं. माझ्याच हातानं. जानराव, मेहनत, उणे एक शेर. शालिकराम, सव्वा शेर.

शेठजीनं दोन हजार माणसांपुढं माझ्या डोक्याले पागोटं बांधलं. जमादार. मले बोलता आलं असतं. भेग, लेप, दोन लोटे पाणी — तीनच गोष्टी होत्या, एका दमात झाल्या असत्या. बोललो नाई. पागोट्याचं कापड लय चांगलं होतं.

पारड्यातून जानराव म्हणे, "शोभते बे तुले." टोमणा नव्हता. त्याचंच लागलं.

चैत्र वद्य ९. अकोला.

मुनीमजीनं जानरावाचं नाव काढलं. "उणे शेरवाल्याले पगार कशाचा?" त्याले म्या माझ्या खोलीत आणला. पक्की खोली हाये, दोन खाटा मावतेत.

म्हटलं, "भातकुलीले पोचवून देऊ का? बंडी जाऊन राहिली."

म्हणे, "असा पाय घेऊन? तिले मी पळतो सांगतलं हाये."

हाडवैद्य म्हणते चालन, पण पळणार नाई. पावसाळ्यानंतर पाहू. दिवसभर खाटेवर बसून खिडकीतून हमालांचं मैदान पाहत राहते. संध्याकाळी मी मैदान फिरतो, पाट्या चाचपतो, सरकी भरतो. तो आतून ओरडते, "डावीकडं! आणखी डावीकडं, आंधळ्या!"

चैत्र अमावास्या

रामरावानं आज चाळीस गठाणी उचलल्या. बाकीच्यांनीही तेवढ्याच. खेळात मी चाललो. आठही जण चालले, जानरावाच्या जागी आलेला नवा पोट्टाही. हरलो. मुनीमजीनं माझा घाम तोलला — पाव शेर. त्यानं माझ्याकडं लय वेळ पाहिलं, आणि कागदाकडं.

वैशाख शुद्ध ३. अखाजी.

जमादाराचा पहिला पगार, अठरा. मायले पाच, आणि गाडीवानाजवळ निरोप — तोडे पुढल्या साली, केशवराव थांबला तं थांबला.

मंग चिठ्ठी भातकुलीची. जानराव झोपला होता, उठवला नाई. मजकूर पाठ हाये. गोदाबाईले नमस्कार. तब्येत बरी. पळतो.

संगं रुपये नऊ.